वाटीभर सांभार

"भाऊजी, आमची वाटी द्या न. पाहुणे आले, अन् घरात वाढाले वाटीच नाही." शेजारच्या पार्वताबाई दारात उभ्या होत्या.

लक्ष्मणरावांनी मागे फळीकडे पाहिलं आणि ते चांगलेच ओशाळले. फळीवर साऱ्या आळीच्या वाट्या पालथ्या घातलेल्या होत्या. प्रत्येकीवर मालकिणीचं नाव कोरलेलं, त्यामुळे नाही म्हणायचीही सोय नव्हती.

त्यांनी काही वाट्या दाबून ठेवल्या नव्हत्या. पावसाळ्यात त्यांची बायको, ललिताबाई, गेल्या, तेव्हापासून सानगडीतल्या त्या आळीने त्यांना उपाशी निजू दिलं नव्हतं. कुणाकडून झुणका येई, कुणाकडून वांग्याची भाजी. लक्ष्मणराव जेवत, वाटी घासून लख्ख करत आणि तिथेच अडत. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, घरचं काहीतरी घालूनच द्यायची, हा ललिताबाईंचा नेम. लक्ष्मणरावांचा जन्म राईस मिलमध्ये धान भरडण्यात गेलेला. त्यांना चहा आणि साधा भात तेवढा येई. नुसता भात कुणाला पाठवायचा, आणि चहा काही वाटीतून पाठवता येत नाही.

हळूहळू वाट्या यायच्या थांबल्या. लोक तरी किती दिवस करणार, असं म्हणून ते भात आणि लोणच्यावर आले. बोलणंही कमी झालं. नागपूरहून लेक कामिनी मोबाईलवर आनंदी राहण्याचे उपाय पाठवी. उठल्याबरोबर हसावं, असं त्यात एकदा होतं. लक्ष्मणराव ओट्यावर बसून इमानेइतबारे हसले, तर दूधवाल्याने दाढ दुखते का म्हणून विचारलं. तो उपाय तिथेच संपला.

"रिकामी कशी देऊ, वयनी?" ते आता म्हणाले. "घरात काईच नाही."

पार्वताबाईंनी फळी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "म्हून तुमी हे जमा करून बसले का? माया नाही सरली, भाऊजी. वाट्या सरल्या." मग त्यांनी अंगणाकडे बोट दाखवलं. ललिताबाईंच्या वाफ्यात सांडलेल्या धण्यांतून कोथिंबीर, म्हणजे आमच्याकडचा सांभार, न पेरताच दाट उगवला होता. "तो कोनाची वाट पाहून राहिला?"

संध्याकाळपर्यंत लक्ष्मणराव घरोघर वाट्या पोचवत फिरले, प्रत्येकीत मूठभर सांभार घालून. प्रत्येक घरी बसावं लागलं, चहा घ्यावा लागला. रामराम करून निघावं तर पुन्हा कुणीतरी ललिताबाईंची गोष्ट काढी, आणि पुन्हा बसणं होई. इतकं बोलणं त्यांनी किती दिवसांत केलं नव्हतं.

शेवटची वाटी म्हाताऱ्या गोदावरीबाईंची. त्यांनी सांभार नाकाशी नेला, मग आत गेल्या आणि झाकण घातलेली दुसरीच वाटी घेऊन आल्या. तिच्या काठावर कोरलं होतं, सौ. ललिताबाई.

"दवाखान्यात जायच्या आदल्या दिशी खीर आणून देल्ली होती तिनं," त्या म्हणाल्या. "रिकामी वापस कशी करू, अन् तुया पुढं तिचं नाव कसं नेऊ? म्हून ठेवून होती. आज पाटवडीचा रस्सा हाये. घेऊन जा, बापू."

घरी येऊन लक्ष्मणराव जेवले. डोळ्यांतून पाणी आलं. रस्सा तिखट होता खरा, पण ते पाणी त्याचं नव्हतं. आपली बायको इतक्या घरांत अजून नांदते आहे, आणि तिच्या पुण्याईने आपल्यालाही तिथे बसायला जागा आहे, याचं त्यांना फार फार बरं वाटलं. त्यांनी अंधारातच आळीला हात जोडले.

मग त्यांनी वाटी घासली. कोरलेल्या नावावरून अंगठा एकदा फिरवला. फळी आता मोकळी होती, तरी त्यांनी ती तिथे ठेवली नाही. ललिताबाईंना घरात बसून राहणं कधी आवडलंच नव्हतं. अंगणातून थोडा सांभार खुडून त्यांनी वाटीत घातला आणि सकाळी गोदावरीबाईंकडे न्यायची म्हणून ती दाराजवळच्या कोनाड्यात ठेवली.