सांभाळ-मंडळ, भाग तिसरा

मी ‘सांभाळ-मंडळ’ या मालिकेचा तिसरा भाग बोलतोय. माझे बाकीचे भाऊ कुठे गेले, मला ठाऊक नाही. माझ्यात फार काही नाही. कॉलनीतल्या चार मैत्रिणी रविवारी शेजाऱ्यांची मुलं सांभाळतात, एक बाळ पलंगाखाली दडून बसतं, सगळ्या घाबरतात, बाळ सापडतं आणि शेवटी कुल्फी. मुखपृष्ठावर रिबीन बांधलेली मुलगी बाळाला कडेवर घेऊन हसते आहे. ज्यांनी मला लिहिलं, त्यांनी कुणाचं मूल तासभर तरी कडेवर घेतलं असेल असं मला आता वाटत नाही.

भिंगारच्या बाजारात गनीभाईंच्या दुकानात मी वह्यांच्या थप्पीवर पडून होतो. लष्कराच्या कचेरीतल्या एका कारकुनाने मला आपल्या मुलीसाठी, निकितासाठी घेतलं. तिला नववं लागलं होतं. आई शाळेत शिकवायची आणि घरात आठ महिन्यांचा भाऊ होता, रोहन.

त्याच वर्षी दसऱ्यानंतर सुरेखा आली. अकरा वर्षांची. तिचे आईबाप, सूर्यभान आणि पुष्पावती, टोळीबरोबर ऊस तोडायला निघाले होते. पुष्पावती निकिताच्या वडिलांची लांबची बहीण. “पोरगी इथे राहू दे, शाळेत घालतो,” असं वडिलांनी सांगितलं. खोटं बोलायचं असं काही त्यांच्या मनात नव्हतं. पण आधी गावच्या शाळेचा दाखला आला नाही, मग परीक्षा जवळ आल्या, मग रोहनला दात यायला लागले. शाळेचं राहूनच गेलं.

दुपारी निकिता घरी आली की मला मोठ्याने वाचायची. सुरेखा रोहनला पायांवर झोपवत ऐकायची. एकदा तिने विचारलं, “ह्या पोरी शाळंत कवा जात्यात?” निकिता म्हणाली, पुस्तकात तसं काही दिलेलं नाही. दिलेलं होतं. रविवार हा शब्द माझ्या पहिल्याच पानावर होता.

मग निकिताने स्वतःचं मंडळ काढलं. माझ्या आतल्या कोऱ्या पानावर पेनाने लिहिलं : अध्यक्ष, निकिता. खाली : मदतनीस, सुरेखा.

एका दुपारी अध्यक्षांना खरोखर बाळ सांभाळायची हौस आली. तिने सुरेखाला साबण आणायला पिटाळलं, रोहनला पलंगावर बसवलं आणि शेजारी मला उघडलं. दोन पानं झाली असतील नसतील, रोहन फरशीवर आपटला. भुवईवर खोक पडली. तेवढ्यात आई शाळेतून आली आणि तिच्या मागोमाग सुरेखा. बाळाला कोण बघत होतं, असं आईने विचारलं. निकिताने मान खाली घालून नजर माझ्यात खुपसली. आईने सुरेखाच्या थोबाडीत मारली. साबणाची वडी तिच्या हातातच होती. ती कुणी पाहिली नाही.

त्याच आठवड्यात सुरेखाची रवानगी उसाच्या फडावर, आईबापांच्या पाचटाच्या कोपीवर झाली. मला पेटीत घालून माळ्यावर टाकलं. वीसएक वर्षं मी तिथे होतो.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर माळा साफ करायला निकिता पुण्याहून आली. आता ती स्वतः नोकरी करते, तिलाही लहान मुलगी आहे. मी हाती लागलो तसं तिने मला उराशी धरलं, तिथेच बसून वाचायला घेतलं. सुरुवातीला हसत होती. मग ते कोरं पान आलं. मदतनीस. तिने मला मिटलं.

खाली जाऊन तिने आईला सांगितलं, “रोहन पडला तेव्हा तो माझ्याकडे होता.” आई भाजी निवडत होती. “आता ते उकरून काय मिळणार?” एवढंच ती म्हणाली.

निकिताने शोध काढला. सुरेखा मिरजगावात होती. नवरा अजिनाथ आणि ती मिळून हायवेला वडापावची गाडी चालवतात. निकिता मला घेऊन गेली. बाकावर बसून तिने सगळं कबूल केलं, हुंदके देऊन रडली. सुरेखाने चहा ठेवला.

“मला ठावं हुतं की,” ती म्हणाली.

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“तुझं नाव घेतलं असतं तर मामीनं तवाच घालवलं असतं. म्हटलं गप बसावं, शाळंचं तरी हुईल.”

इतक्यात सुरेखाची मुलगी जया शाळेतून आली. बारा वर्षांची. दप्तर ठेवलं, मला उचललं आणि उभ्या उभ्या वाचायला लागली. निकिता तिच्याकडे बघत राहिली. मग डोळे पुसून हळूच म्हणाली की मुलीला बघणारी बाई सोडून गेली, नवरा सारखा दौऱ्यावर, फार ओढाताण होते. “सुट्टीपुरती जया येईल का? घरचीच आहे. पुढे तिथल्याच शाळेचं बघू.”

तिच्या आवाजात लबाडी नव्हती. तेच मला जास्त लागलं.

सुरेखाने आधी वड्यांचा घाणा काढला. मग म्हणाली, “निकिता, रडून झालं म्हनून मागतीस, का मागायचं हुतं म्हनून रडलीस?”

 निकिता उठली, चहा तसाच राहिला. जयाच्या हातातून मला परत मागायचं तिला सुचलं नाही, की धीर झाला नाही, कोण जाणे.

जयाने मला दोन दिवसांत संपवलं. आईला म्हणाली, “काय न्हाई ह्यात, बारक्या पोरांचं हाय.” तेव्हापासून मी गाडीवर असतो. रद्दी संपली की सुरेखा माझं एक पान फाडते आणि त्यावर दोन वडे देते. माझी तक्रार नाही. इतक्या वर्षांत तिच्या कामाला मी पहिल्यांदाच आलो.

आता थोडी पानं उरली आहेत, म्हणून बोलून घेतो. लहानपणी वाचलेलं असलं एखादं पुस्तक तुमच्याही घरी असेल. कौतुकाने उघडून बसाल, तेव्हा जरा वळून बघा, तुमचं मूल कुणाच्या कडेवर आहे. आणि तिला तिचं वय विचारा.