लेबल नसलेली बरणी

नेहरू नगरच्या मार्टमध्ये केवलराम बिस्किटांच्या मांडणीपुढे उभा राहिला की वीस मिनिटं तरी हलायचा नाही. खिशातून घडीचं भिंग काढायचं, पुडा उलटा करायचा आणि मागची बारीक अक्षरं वाचायची. चौतीस वर्षं या हिंदी मुलखातल्या पोलादाच्या प्लांटमध्ये त्यानं याच भिंगानं रेल्वेच्या रुळांवरच्या केसाएवढ्या भेगा शोधल्या होत्या. रिटायर झाल्यावर लोकांना वाटलं, आता माणूस निवांत बसेल. कसला बसतोय! रूळ सुटले, तर बिस्किटांचे पुडे सापडले.

"पाह्य, कसे फसवतात," तो बेबीताईला म्हणाला. "इथी लिहिलं, एका वेळच्या खाण्यात सोडियम नव्वद. अन् एक वेळ म्हणजे किती, तं दोन बिस्किटं. दोन बिस्किटं खाऊन कोण उठते? शंभर ग्रॅमचा आकडा पाहा लागते. चारशे ऐंशी. रिजेक्ट."

"गोड बिस्किटं आहेत जी ते," बेबीताई म्हणाली.

"गोडातच लपते. सोडा टाकतात ना. सोडा बी सोडियमच."

यात खोटं काही नव्हतं, तीच तर पंचाईत होती. केवलराम जे बोलायचा ते छापलेलं असायचं. ब्रेड रिजेक्ट, सॉस रिजेक्ट, शेव-चिवड्याकडे तर बघायचंसुद्धा नाही. ट्रॉली ढकलत बेबीताई मागे मागे चालायची आणि दाराशी पोचेपर्यंत त्या ट्रॉलीत पोहे, मुरमुरे आणि साखर एवढंच उरायचं. ती भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यात मराठी सातवी शिकलेली. इंग्रजी अक्षरांशी तिचं कधी जमलं नाही. तिच्या तोंडात काय जायचं हे तिला वाचता न येणाऱ्या ओळीत लिहिलेलं होतं आणि ती ओळ नवऱ्याच्या हातात होती.

हे सगळं सुरू झालं माघ महिन्यातल्या एका सकाळी. बेबीताई चहा पीत होती आणि चहा ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागला. केवलराम समोर बसून बघत होता. वाकडं झालेलं तोंड दोन तासांत सरळ झालं, पण बीपी निघालं एकशे नव्वद. डॉक्टरनं गोळी लिहून दिली आणि सांगितलं, दिवसाला पाच ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्याहून जास्त नको. त्या रात्री केवलराम न्हाणीत नळ सोडून रडला. नळाचा आवाज कितीही मोठा असला तरी बायकोला कळायचं ते कळतंच.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं रोजच्या सोडियमची डायरी सुरू केली. पाच ग्रॅम मिठात दोन हजार मिलिग्रॅम सोडियम, हा हिशोब त्यानं बरोबर केला. चूक त्यानं पुढे केली, आणि ती चूक रूळ तपासणारा माणूसच करू शकतो. प्लांटमध्ये नियमात एक मिलिमीटरचा फरक चालत असला, तर केवलराम अर्ध्याच मिलिमीटरवर बोट ठेवायचा. उरलेला अर्धा सेफ्टीसाठी. त्याचा एकही रूळ कधी परत आला नाही, हे तो पाहुण्यांना चहाच्या आधी सांगायचा. म्हणून डॉक्टरच्या दोन हजारांचे त्यानं पहिल्याच दिवशी हजार केले. कोणाला विचारलं नाही. सेफ्टीसाठी कोणी विचारतं का?

मिठाचा डबा सैपाकघरातून उठला आणि त्याच्या कपाटात गेला, पेन्शनच्या कागदांपाशी. चावी जानव्यासारखी गळ्यात. सकाळी तो मोजून चिमूट काढून द्यायचा आणि बेबीताई ती दोन वेळच्या सैपाकात वाटायची. ज्या बाईनं चाळीस वर्षं डोळे मिटून बरोब्बर मीठ टाकलं, तिनं आता चिमटीची वाट पाहत ओट्याशी उभं राहायचं.

त्यातच अहिवाऱ्याहून ताराची बरणी आली. तारा म्हणजे बेबीताईची धाकटी बहीण. दरसाल उन्हाळ्यात तिच्या हातचं आंब्याचं लोणचं यायचं, वर बोटभर तेल, आत मेथी-मोहरी. बेबीताईच्या तोंडाला बघूनच पाणी सुटलं. केवलरामनं बरणी हातात घेऊन गोल गोल फिरवली.

"याच्यात किती आहे?"

"मुठीनं टाकते ते. तिले काय माहीत किती."

"मंग मले काय माहीत राहीन? ज्याच्यावर लेबल नाई ते आपल्या घरात नाई." त्यानं लाल मार्करनं झाकणावर फुली मारली आणि बरणी शोकेसवर ठेवली, पार वर.

लेबल नाही म्हणून शेजारच्या रत्नमालाच्या घरची भजी बंद, देवळातला प्रसाद बंद, जुनवानीला लेकीकडे जेवायला जाणं बंद. लेकीला, दिपालीला, तेव्हा सातवा महिना होता. केवलरामनं गल्लीत घरोघरी जाऊन हात जोडून सांगितलं होतं, आमच्या मंडळींना खायला काही देऊ नका, त्यांच्या जिवावर बेतेल. गल्लीतली माणसं भली. बेबीताई रत्नमालाच्या दारात गेली की रत्नमाला हातातली ताटली पदराआड करायची. सगळी गल्लीच पहारेकरी झाली, अन् तेही प्रेमानं.

तुम्ही म्हणाल, भांडायचं होतं. भांडणार कोणाशी? केवलराम तिच्या ताटात जे, तेच आपल्या ताटात वाढून घ्यायचा. अळणी वरण, अळणी भाजी, भातावर लिंबू. बाहेर चोरून एक समोसा खाईल तर शपथ. तो चोरून खात असता तर बेबीताईनं घर डोक्यावर घेतलं असतं. पण समोर बसून मुकाट्यानं अळणी गिळणाऱ्या माणसाला काय बोलणार? तो तिच्यासाठी उपास धरल्यासारखा जेवायचा आणि ती त्याच्यासाठी गप्प बसायची.

शोकेसवरची बरणी तिला खाटेवरून दिसायची. मले एक फोड पायजे, एवढंच तिला वाटायचं. लोणच्याचं निमित्त होतं. आपल्या तोंडात काय घालायचं हे एकदा आपण ठरवावं, इतकीच तिची हाव होती.

पावसाळ्यात तिला चक्कर यायला लागली. मळमळायचं, डोकं जड व्हायचं, पिंढऱ्यांत गोळे यायचे. केवलराम मशीन लावायचा. एकशे दहा, सत्तर. "बीपी तं मस्त आहे," तो म्हणायचा, "म्हणजे मीठच गडबड करून राहिलं असन कुठीतरी." हजाराचे सातशे झाले. सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी शामसुंदरनं सांगितलं, पाणी पाजा, मीठ धुऊन निघतं. तेव्हापासून दिवसाला चार बाटल्या, प्रत्येकीवर वेळ लिहिलेली. एक दिवस बेबीताईनं पाणी न घालताच डाळ कुकरला लावली. केवलरामला पुन्हा तो गळणारा चहा दिसला. त्या रात्री डायरीत सातशेचे पाचशे झाले.

"अजी, मले ताकद नाई वाटून राहिली," ती म्हणाली. "थोडसं मीठ वाढवा ना."

"ताकदीसाठी मीठ खाते का कोणी? मले तू पायजे वो," तो म्हणाला. "बस एवढं ऐक माझं."

ऐकलं तिनं.

दिपालीला मुलगी झाली. बारसं जुनवानीला, सासरी. बेबीताईनं हिरवं लुगडं काढलं, नातीसाठी चांदीचे वाळे घेतले. केवलराम डबा भरून सोबत निघाला. मंडपात पंगत बसली. पुरी, वांग्याची भाजी, मसालेभात, वास अंगावर येत होता. बेबीताई त्या वासात स्टीलचा डबा उघडून बसली. विहीणबाई ताट घेऊन आल्या आणि केवलरामनं मध्येच हात आडवा केला. सगळी पंगत बघत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, अनुजा. दिपालीनं बाळ आईच्या मांडीवर दिलं.

"हाक मार ना आई, नाव लेके."

बेबीताईनं तोंड उघडलं. आत्ता ऐकलेलं नाव सापडेना. समोरची लेक तिला ताराच वाटायला लागली. "तारा," ती म्हणाली, "लोणचं झालं का वो?" आणि तिचे हात सैल पडले. दिपालीनं बाळ वरच्या वर झेललं म्हणून बरं. बेबीताई बाजूला कलंडली.

हॉस्पिटलात रक्ताचा रिपोर्ट आला. तरुण डॉक्टरीणबाईनं कागद केवलरामपुढे धरला. त्याचा हात आपोआप खिशात गेला, भिंग निघालं. सोडियम, एकशे सोळा. पुढच्या रकान्यात, एकशे पस्तीस ते एकशे पंचेचाळीस. त्यानं ती ओळ तीनदा वाचली. खालची मर्यादा काय असते हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"नमक कितना दे रहे थे?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.

केवलरामनं डायरी उघडली. "सोडियम, चार सौ अस्सी. चार सौ तीस. परसों, तीन सौ नब्बे." पहिला आकडा त्यानं ठणठणीत आवाजात वाचला होता. तिसरा ऐकूच आला नाही.

"सोडियम गोली से भी गिरता है, इतने पानी से भी. पर इतना कम करने को किसने बोला?"

"कोणी नाई," तो मराठीतच म्हणाला. "सेफ्टीसाठी."

दिपाली बापाकडे वळली. "बाबा, आई आहे ती. रूळ नाई आहे," ती म्हणाली आणि बाळाला घेऊन बाहेर गेली.

पाचव्या दिवशी बेबीताई शुद्धीत, आपल्या पायांनी घरी आली. गोळी बदलली होती, पाण्याला माप लागलं होतं, आणि डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं, साधं घरचं जेवण, बेताचं मीठ घालून, सगळ्यांसारखं. केवलरामनं गळ्यातली चावी काढली. मिठाचा डबा ओट्यावर ठेवला. मग स्टूल घेतलं, वर चढला आणि शोकेसवरून ताराची बरणी उतरवली. झाकणावरची लाल फुली त्यानं नखानं खरवडली, पण ती पूर्ण गेली नाही.

"घे," तो म्हणाला. "तुले जेवढं पायजे तेवढं. मी काई बोलत नाई आता."

उन्हाळ्यापासून ज्या घटकेची तिनं खाटेवरून वाट बघितली होती, ती ही. ताटात गरम भात, वरण, आणि बरणी उघडी. मोहरीचा वास घरभर झाला. बेबीताईनं एक फोड घेतली आणि तोंडात घातली.

आग झाली नुसती. जीभ आकसली, डोळ्यांत पाणी आलं. इतकं खारट तारा कधीच करत नव्हती. पण समोर केवलराम त्याच बरणीतली फोड भातात कालवून बोटं चाटत खात होता, सहा महिन्यांच्या उपाशी माणसासारखा, आणि म्हणत होता, "बरोबर झालं वो या साली. एकदम बरोबर."

म्हणजे लोणचं तेच होतं. बदललं होतं ते तिच्यातच काहीतरी.

तिनं फोड हळूच ताटाच्या कडेला काढून ठेवली. ओठाचा डावा कोपरा तिनं बोटानं चाचपून पाहिला, सरळ आहे ना म्हणून.

"काऊन वो? खा ना."

"खाते."

त्याची नजर ताटात गेल्यावर तिनं बरणी उचलली. तिरपी केली, उजेडात धरली आणि तिच्या मागच्या कोऱ्या काचेवर आकडा शोधायला लागली.