खंडेनवमीचं तेल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. साधी नव्हे, डोंगर उतरायची. ज्या कारखान्यात मी घडले तिथे माझ्याबद्दल एकच विचार झाला होता: हिने दगडधोंड्यांतून वरून खाली यायचं आणि वर बसलेल्या माणसाला शाबूत आणायचं. म्हणून पुढचं चाक धरणारा माझा चिमटा जाड, धक्के पिणारे शॉकअप वीतभर दबणारे आणि टायर ट्रॅक्टरच्या नात्यातले. आणि नशीब पाहा, जन्म गेला लखनौत. इथे डोंगर नाही. आलमबागचा उड्डाणपूल हाच आमचा घाट.

आलमबागेतल्या रेल्वे कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, मी एका मराठी घरात राहते. दिनकरराव मूळचे मिरजेचे, रेल्वेत रुळांचे इंजिनिअर. विभाताई त्यांच्या पत्नी. आणि त्यांची एकुलती एक मुलगी नयना, जिने मला देहरादूनच्या एका मुलाकडून जुनी म्हणून विकत घेतलं. आईवडील तिच्याशी मराठीत बोलतात, ती हिंदीत उत्तर देते, आणि तिघांपैकी कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.

बाल्कनीत उभं राहून राहून मला माणसांच्या जमाखर्चाची वही मनात मांडायची सवय लागली. येणाऱ्या पाहुण्यांचे मी दोन गट केले आहेत. पहिला गट माझी सीट दाबतो आणि म्हणतो, "अरे, ये तो बैठ रही है, हवा कम है." दुसरा गट विचारतो, ही किती जोरात पळते. विकासनगरचे एक काका दोन्ही गटांत आहेत, म्हणून त्यांना चहाही दोनदा लागतो. माझ्याबद्दल खरं काही जाणून घ्यावं असं मात्र नयनाखेरीज कोणाला वाटलं नाही.

नयनाने मला सांभाळलं ते मनापासून. सुट्टीत पहाडात जाऊन आलो की ती आधी माझा चिखल वाळू द्यायची, मग मऊ ब्रशने झाडायची. पाण्याचा जोराचा फवारा तिने माझ्या सांध्यांवर कधी मारला नाही. साखळीच्या कडीकडीवर तेलाचा थेंब सोडायची आणि वरचं तेल पुन्हा पुसून काढायची. एकेक बोल्ट तपासायची. ब्रेकच्या चकतीसाठी मात्र वेगळं पांढरं फडकं असायचं आणि स्पिरिटची बाटली. चाकाच्या मधोमध असते ती पोलादी चकती. तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात तेव्हा मी थांबते. साखळीला तेल हवं असतं. चकतीला बोटाचा तेलकट ठसाही सोसत नाही.

"आई, इस कपड़े से कुछ और मत पोंछना," ती बजावायची.

"नाही गं बाई. तुझ्या सायकलचं सोवळं माझ्या देवांपेक्षा कडक आहे."

शॉकअप जुळवायचे म्हणजे दोन माणसं लागतात. नयना हेल्मेट, बूट, गुडघ्यांचे पॅड, सगळं चढवून माझ्यावर उभी राहायची, कारण त्यांत हवा भरायची ती रायडरच्या वजनाला बेतून, आणि ते वजन सामानासकट धरायचं. शॉकअप जितका दबेल तितकी त्याच्या दांड्यावरची रबरी कडी खाली सरकते; ती मोजायला विभाताई शिवणाची टेप घेऊन खाली बसायच्या.

"आई, वो रबर की रिंग कितनी नीचे गई, नाप लो."

"तू आधी हलू नकोस. भिंत धर. हं. तीन बोटं गेली."

"सेंटीमीटर में, यार आई."

"गिऱ्हाइकाचा ब्लाउज मापते तेव्हा कोणी मला यार म्हणत नाही."

हवा जास्त झाली तर मी दगडावरून चेंडूसारखी उडते, कमी झाली तर आदळते. त्यामधली जागा सापडेपर्यंत मायलेकींचं हे चालायचं. दिनकरराव आत पेपर वाचत बसायचे. बाल्कनीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही, पण तेवढा वेळ त्यांच्याकडून पेपरचं पानही उलटलं जायचं नाही. हे मी टिपून ठेवलं होतं.

मग त्या वर्षी ऑक्टोबरात पहाडात मोठी स्पर्धा ठरली. बाप-लेकीत करार झाला.

"एक स्पर्धा," दिनकरराव म्हणाले. "पहिल्या दहांत आलीस तर परीक्षेचं नाव काढणार नाही, तू आणि तुझी सायकल. नाही आलीस तर ही विकायची आणि बँकेच्या परीक्षेला बसायचं."

"पक्का, बाबा?"

"रेल्वेचा माणूस आहे मी. सिग्नल दिला की दिला."

नयना महिनाभर राबली. नवे पॅड बसवले. नवे पॅड चकतीशी जुळवून घ्यावे लागतात: वेग घ्यायचा, ब्रेक दाबायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा. आम्ही ते उड्डाणपुलावर केलं. खाली उभा असलेला ट्रॅफिक हवालदार आमच्याकडे बराच वेळ बघून म्हणाला, "बिटिया, जाना है कि रुकना है, पहले तय कर लो."

निघायचा दिवस खंडेनवमीचा होता. मराठी घरांत त्या दिवशी हत्यारं-अवजारं पुजतात हे तुम्हाला माहीतच असेल. संध्याकाळची गाडी होती आणि नयना सकाळी कोचिंगला गेली होती. विभाताईंनी शिवणयंत्राला हळदकुंकू वाहिलं. दिनकररावांनी आपली मोजपट्टी आणि जुनी हातोडी पाटावर मांडली. मग ते वाटी घेऊन बाल्कनीत आले.

मित्रांनो, या माणसाने मला पहिल्यांदाच हात लावला. वाटीत तिळाचं तेल होतं, हळद घातलेलं. जन्मभर त्यांनी रुळांच्या सांध्यांना वंगण घालून घेतलं होतं. लोखंडावर माया करायची त्यांना तेवढीच एक रीत ठाऊक. बोट बुडवून त्यांनी माझ्या हँडलला टिळा लावला, साखळीला लावला, पेडलला लावला. मग त्यांना दोन लखलखीत चकत्या दिसल्या. एवढ्या सुंदर वस्तू कोरड्या कशा ठेवल्या, असंच त्यांना वाटलं असणार. चाक हळूहळू फिरवत त्यांनी दोन्ही चकत्यांना गोल तेल लावलं.

"हिला सुखरूप आण बाई," ते मला म्हणाले.

मला बोलता आलं असतं तर त्याच क्षणी बोलले असते.

पुढचं त्यांनी केलं ते लाजेने. लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना नयना हसायची, म्हणून तिला दिसू नये असं त्यांनी हळदीचं तेल फडक्याने पुसून टाकलं. तेल चकतीवर पसरून पातळ झालं, दिसेनासं झालं आणि पॅडमध्ये मुरलं. वर, पोरीचा वेळ वाचावा म्हणून त्यांनी मला जुन्या चादरींत गुंडाळून खोक्यातही भरलं.

"बाबा, आपने पैक किया?" नयना आली तेव्हा दारातच थबकली. "आपने?"

"मग काय झालं. पार्सल बांधता येतं मला."

इतकी खूश मी तिला कधीच पाहिली नव्हती.

पहाडात पोचल्यावर मला जोडताना तिने बोल्ट पाहिले, टायर पाहिले, शॉकअपची हवा पाहिली. ब्रेक दाबून पाहिला तर तो किंचित ओरडला. रात्रीचं दव असेल, गरम झाल्यावर ठीक होईल, असं ती स्वतःशीच पुटपुटली. मागे रांग होती आणि सरावाची एकच फेरी होती. पहिल्या वळणावर मी जेमतेम वळले. दुसऱ्या वळणाआधीचा उतार खडा होता. तिने दोन्ही ब्रेक पूर्ण दाबले. पॅड चकतीवरून नुसते घसरत राहिले. मी थांबले नाही.

खाली दगडांत ती माझ्याशेजारी पडली होती. गुडघा बघवत नव्हता. तिचा हात माझ्या चकतीला लागला. तिने बोटं नाकाजवळ नेली, मग नखाकडे पाहिलं. नखावर पिवळं होतं. तिळाच्या तेलाचा वास ओळखायला त्या घरातल्या मुलीला वेळ लागत नाही. आणि मला खोक्यात कोणी भरलं हे तिला ठाऊक होतं.

धावत आलेला माणूस म्हणाला, "क्या हुआ, ब्रेक फेल?"

"नहीं भैया," ती म्हणाली. "मोड़ पे स्पीड ज़्यादा थी."

घरीही तिने तेच सांगितलं. गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाल्या. पाय वाकतो, पण पुरता नाही. नयना बँकेच्या परीक्षेला बसली, पास झाली, आणि आता लखनौतल्याच जानकीपुरमच्या एका शाखेत काउंटरवर बसते. भेटायला आलेल्यांना विभाताई सांगायच्या, "यांनी सायकलची पूजा केली होती हो, म्हणून पायावर निभावलं." दिनकरराव मान खाली घालून हसायचे. विकासनगरच्या काकांनी तर त्यांचा हातच हातात घेतला. नयना कपबशा गोळा करून आत न्यायची. माझ्या वहीत कौतुकाची सगळ्यात मोठी रक्कम त्या तेलाच्या नावावर जमा झाली आहे.

त्यामुळे दर खंडेनवमीला दिनकरराव वाटी घेऊन येऊ लागले. आता लपूनछपून नाही. मला विकायचं त्यांनीच टाळलं. करार त्यांचा, पण मोडलाही त्यांनीच. चाक फिरवायचे, तेल लावायचे. नयना दारात उभी राहून बघायची आणि काही बोलायची नाही. आता हिला कुठे डोंगर उतरायचा आहे, असं तिला वाटत असेल. मी गंजले नाही, एवढं खरं.

यंदा उन्हाळ्यात दिनकरराव निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचं म्हणून अखेर मला विकायचं ठरलं. नयनाच्या बँकेतली शिवांगी मला बघायला आली. ती स्वतः पहाडात सायकल चालवते, हे तिने माझ्यासमोर उकिडवं बसताच मला कळलं. तिने सीट दाबली नाही.

दिनकररावांनी चहाचा कप हातात घेऊन माझी तारीफ सुरू केली. "बेटा, देखरेख में कोई कमी नहीं. हर दशहरे को अपने हाथ से तेल लगाता हूँ. चेन, पेडल, ये दोनों डिस्क भी."

शिवांगी हसली. तिला वाटलं, काकांनी गंमत केली. "अंकल, डिस्क पे तेल? फिर ब्रेक लगेगा कैसे?"

नयना दारातच उभी होती. शिवांगीने आळीपाळीने बाप-लेकीकडे पाहिलं.

दिनकररावांनी कप कठड्यावर ठेवला. रुळाच्या माथ्यावर ग्रीस सांडलं म्हणून त्यांनी आयुष्यात कितीक माणसं झापली होती. चाक कोरड्या लोखंडालाच धरतं, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी माझ्या चकतीला एक बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"नयना," ते म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"बाबा, मोड़ पे स्पीड ज़्यादा थी. बताया तो था."

त्यांची नजर तिच्या गुडघ्यावर गेली. मग म्हणाले, "हो. सांगितलं होतंस."

शिवांगीने मला घेतलं नाही. पॅड, चकत्या, सगळंच बदलावं लागेल, म्हणाली. सामानाबरोबर मी नव्या घरी आले आणि इथल्या बाल्कनीत उभी राहिले.

परवा खंडेनवमी झाली. विभाताईंनी यंत्र पुजलं. दिनकरराव वाटी घेऊन बाल्कनीच्या दारापर्यंत आले. नयना कठड्याशी खुर्चीत बसली होती, पाय लांब करून. ती म्हणाली, "लगा दीजिए बाबा, अब क्या फ़र्क पड़ता है." ते वाटी घेऊन आत गेले. वाटी ओट्यावर ठेवल्याचा आवाज मी ऐकला.

मित्रांनो, तुम्हाला कोणाच्या वस्तूवर माया करावीशी वाटली तर जरूर करा, पण हात लावण्याआधी त्याला विचारा: हिला काय चालतं, काय चालत नाही. आणि तुमच्या वस्तूचं कोणी प्रेमाने नुकसान केलं, तर त्याला त्याच दिवशी सांगा. तो रडेल, चार दिवस जेवणार नाही, पण मग तुम्ही दोघं मिळून ती पुसायला बसाल. आमच्या घरी तसं झालं नाही. दिनकरराव सकाळी या बाल्कनीत येतात, तुळशीला पाणी घालतात, नयनाच्या डब्यात कोणती सब्जी आहे ते विचारतात, आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहतात.