अडून बसलेला स्टोव्ह

बंदरात नांगरून उभ्या असलेल्या बोटींना चहा आणि ऑम्लेट-पाव पुरवणारी एकच होडी होती, आणि ती दोघी बहिणींची होती. वल्हवणं, अंडी फेटणं, कांदा चिरून व्हिनेगरमध्ये मुरवणं, गिऱ्हाइकांशी गोड बोलणं ही सगळी कामं धाकटीची. थोरलीकडे फक्त स्टोव्ह. पण तो ती अशा थाटात सांभाळायची, की बाकीची होडी त्या स्टोव्हला बसायला जागा हवी म्हणूनच बांधली असावी.

स्टोव्ह रॉकेलचा, पितळी, पंपाचा. लाटेने कलंडू नये म्हणून पत्र्याच्या पेटीत स्क्रूने घट्ट बसवलेला. बर्नरखालच्या वाटीत थोडं स्पिरिट ओतून पेटवायचं, बर्नर चांगला तापू द्यायचा आणि मग पंप मारायचा. तापलेल्या बर्नरमधून रॉकेलची वाफ होऊन येते आणि निळी ज्योत धरते. बर्नर गार राहिला तर रॉकेल तसंच वर उडतं आणि हातभर पिवळा भडका होतो. हे शास्त्र थोरली एकोणीस वर्षं जाणून होती आणि या एकोणीस वर्षांत तिने स्टोव्हला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. धाकटीने एकदा न विचारता पंप मारला होता. त्याचा उद्धार अजून चालू होता.

तर त्या महिन्यात स्टोव्ह अडून बसला. एक दिवस गुणी बाळासारखा जळायचा, दुसऱ्या दिवशी भडका. काजळीने पातेलं काळं, चहाला रॉकेलचा वास, आणि थोरलीची डावी भुवई निम्मी गायब. गिऱ्हाइकांनी आधी कुरकुर केली, मग सल्ले दिले. क्रेनवाला म्हणाला, रॉकेलमध्ये पाणी असणार. थोरलीने सगळं रॉकेल दुहेरी फडक्यातून गाळलं. भडका. पहारेकरी म्हणाला, बर्नरचं भोक तुंबलं असेल. तिने पिन घातली. ती भोकात कमी आणि आजूबाजूला जास्त गेली. पुन्हा भडका.

शेवटी टगबोटीच्या इंजिनवाल्याने स्क्रू काढून स्टोव्ह आपल्या बोटीवर नेला. पंपाचा चामडी वायसर वाळून कडक झाला होता, तो बदलला, तेल लावलं, भोक साफ केलं, आणि स्वतःच्या हाताने पेटवला. स्टोव्ह निळा जळला. तासभर जळला. इंजिनवाल्याने त्यावर आपला भातही शिजवून घेतला.

होडीवर परत आला आणि दुसऱ्याच सकाळी भडका.

असं तीनदा झालं. इंजिनवाला घेऊन जायचा, तिथे झकास. परत आणला की रुसला. बंदरभर चर्चा झाली, की स्टोव्हचं मन इंजिनवाल्यावर बसलं आहे. हे थोरलीच्या कानावर गेलं तेव्हा तिने दोन दिवस त्या टगबोटीला चहा दिला नाही. तिचं म्हणणं एवढंच, की वस्तू फितूर होत नाहीत, माणसं फितूर करतात.

मग तो मोठा भडका झाला. सकाळची वेळ, ऊन चांगलं वर आलेलं, तीन बोटी ऑम्लेटची वाट बघत होत्या. थोरलीने वाटीत ओतलं, काडी लावली, थोडं थांबली, पंप मारला आणि ज्योत धरेना म्हणून बर्नरला दुसरी काडी दाखवली. ज्वाळा सरळ वरच्या ताडपत्रीला भिडली. धाकटीने हातातलं वल्हं टाकलं आणि समोर जे आलं ते उचलून फेकलं. समोर साठ अंड्यांची फेटून ठेवलेली बादली होती.

आग विझली. ताडपत्रीवरून, थोरलीच्या डोक्यावरून, स्टोव्हवरून अंडं ओघळत होतं. थोरलीने विचारलं, मीठ घातलं होतंस का.

धाकटी स्टोव्ह पुसायला वाकली होती आणि नाकाला काहीतरी ओळखीचं लागलं होतं. थोरलीचं नाक एवढ्या वर्षांच्या रॉकेलने केव्हाच कामातून गेलं होतं, धाकटीचं शाबूत होतं. तिने वाटीत बोट बुडवून हुंगलं. मग फळीवरची बाटली उचलून बहिणीच्या समोर धरली. महिन्यापूर्वी स्पिरिटची जुनी चपटी बाटली फुटली होती. तेव्हापासून स्पिरिट आणि व्हिनेगर एकसारख्याच बाटल्यांत होतं, आणि घोटाळा नको म्हणून धाकटीने दोन्हींवर ठसठशीत अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या.

"ताई, यावर काय लिहिलंय?"

"काय लिहायचंय त्यात? स्पिरिट."

"वाच बघू."

थोरलीने बाटली जवळ घेतली, लांब धरली, तिरकी केली. "अंडं गेलंय डोळ्यांत," ती म्हणाली.

चिठ्ठीवर व्हिनेगर लिहिलं होतं. स्पिरिटची ज्योत उन्हात चांगल्या डोळ्यांनाही धड दिसत नाही. थोरली काडी लावायची आणि पेटलं असेल असं धरून चालायची, मग पंप मारून दुसरी काडी दाखवली की गार बर्नरमधून उडालेलं रॉकेल भडकायचं. ज्या दिवशी हाताला खरी बाटली लागायची, त्या दिवशी स्टोव्ह गुणी.

मग तिने कबूल केलं. दोन वर्षं सगळं धूसर दिसत होतं. गिऱ्हाइकं ती आवाजावरून ओळखायची.

"सांगितलं असतं तर तू मला कांदे सोलायला बसवलं असतंस," ती म्हणाली. "मग मी होडीत करायचं काय? ओझं म्हणून बसायचं?"

"एकोणीस वर्षं मीच वल्हवतेय," धाकटी म्हणाली. "आत्ता काय वेगळं करतेस?"

थोरलीला हसू आलं, आणि ते अंड्याने माखलेल्या चेहऱ्यावर फार विचित्र दिसलं.

डॉक्टरांनी चष्मा दिला, जाड भिंगांचा. तो लावून थोरली होडीत उतरली आणि जागच्या जागी थबकली. पातेल्याच्या कडा, फळ्यांमधली घाण, कळकट फडकी. हे असं किती दिवस आहे, असं तिने विचारलं. पुढचे तीन दिवस धंदा बंद आणि घासणं चालू. धाकटीला एकदा वाटून गेलं, की व्हिनेगर परवडलं असतं.

चौथ्या दिवशी स्टोव्ह पहिल्या काडीला लागला. थोरलीने ज्योत नीट निरखली, पंप दोनदा जास्त मारला आणि समाधानाने मान वर केली. समोर धाकटी वल्ही घेऊन बसली होती. थोरली तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"तुझे केस कधी पिकले गं?"

"झालं वर्ष-दीड वर्ष."

"मला कुणी सांगितलंच नाही," थोरली म्हणाली, आणि चहाचं आधण चढवायला वळली.