पाच फूट दोन इंच

पहिला माणूस पाच फूट अकरा इंच उंच होता. खांदे रुंद, केस दाट, पोहण्यात बक्षिसं मिळवलेली, चष्मा नाही, दात सरळ. समोरच्या सल्लागार बाई हे सगळं वाचून दाखवत होत्या आणि मी शहाण्यासारखा मान हलवत होतो. आतून मात्र माझा जळफळाट चालला होता. त्या माणसाचं नाव मला कधी कळणार नव्हतं, तोंडही दिसणार नव्हतं, तरी त्याचा राग आला. तो माझ्या पोराचा बाप होण्याची शक्यता होती.

आडपडदा न ठेवता सांगतो. माझ्यात बीजच नाही असं तपासणीत निघालं. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. मूल हवं असेल तर कुणा दात्याचं बीज घ्यायला हवं होतं. बायको अडतीस वर्षांची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, या महिन्यात करायचं तर दाता आजच ठरवा, पुढच्या महिन्यांचा भरवसा मी देत नाही. आम्हाला मूल हवं होतं, दोघांनाही. बाकी कशावरही आम्ही भांडू शकतो, पण यावर कधी भांडलो नव्हतो.

त्या दवाखान्यातल्या सल्लागार बाईंची एक पद्धत होती. नवरा-बायकोला एकत्र विचारलं की एक बोलतो आणि दुसरा मूग गिळून बसतो, असा त्यांचा अनुभव. म्हणून त्या दोघांना वेगवेगळं आत घेत, तीन दाते वाचून दाखवत आणि एक निवडायला सांगत. दोघांचं उत्तर एक आलं तर काम पुढे. नाही आलं तर बाहेर बाकावर जाऊन आपसांत मिटवायचं, आणि दुपारपर्यंत मिटलं नाही तर या महिन्याचं राहिलं. बायको माझ्या आधी जाऊन आली होती. बाहेर येताना तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसरा पाच फूट आठ इंच, गोरा, गणितात हुशार. तिसरा पाच फूट तीन, अंगाने बारीक, कान पुढे आलेले, घराण्यात सगळ्यांना लवकर टक्कल.

"तिसरा तुमच्याशी मिळताजुळता आहे," बाई म्हणाल्या. "तसा एक ठेवायचा आमचा नियम आहे."

"माझ्यापेक्षा एक इंच जास्तच आहे," मी म्हणालो. "याला कोण घेतं?"

"घेतात कुणी कुणी."

"पण बरेचजण पहिला घेतात. बायका तर हमखास."

"हो, बरेचजण."

"का पण?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "लाखो वर्षांची सवय आहे ती. उंची, खांदे, दोन्ही बाजूंनी सारखा चेहरा. हे दिसलं की आतून वाटतं, हा माणूस धडधाकट आहे, याची पोरं जगतील. विचार करायच्या आधीच डोळे ठरवून मोकळे होतात. पुरुषांचंही तसंच. त्यांना तुकतुकीत कातडी हवी, दाट केस हवेत."

हे मला नवीन नव्हतं. कपड्यांच्या दुकानांत काचेमागे जे पुतळे उभे असतात ना, ते मी एका कारखान्यात बनवतो. सहा फुटांचे, छाती भरलेली, पाय खऱ्या माणसाच्या पायांपेक्षा लांब. एकदा मी हौसेने एक बुटका, जरा पोट सुटलेला पुतळा केला. तो दुकानातून चार दिवसांत परत आला. मालक म्हणाला, याच्यासमोर कुणी थांबतच नाही. त्या पुतळ्यावर आता आम्ही ओले ॲप्रन वाळत घालतो.

आणि बायको त्याच कारखान्यात पुतळ्यांचे चेहरे रंगवते. दिवसभर ती देखण्या पुरुषांच्या भुवया कोरते, ओठांवरून ब्रश फिरवते, आणि संध्याकाळी माझ्यासमोर जेवायला बसते. ती दिसायला चांगली आहे. माझ्या डोळ्यांनीही बघताक्षणी निकाल दिला होता, उगाच साव कशाला होऊ? पण तिने मला का हो म्हटलं, हे कोडं नऊ वर्षांत मला सुटलं नव्हतं. विचारायची हिंमत झाली नव्हती. आज ते आपोआप कळणार होतं. तिला एकटीला बसवून, तीन पुरुष समोर ठेवून, हवा तो घे म्हटलं होतं. ती कोणता घेणार हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा होता?

म्हणून मी म्हणालो, "पहिला."

बाईंनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. "जुळलं नाही," त्या म्हणाल्या. "बाहेर बसून बोला."

बायको पॅसेजमधल्या बाकावर बसली होती. समोर आणखी दोन जोडपी होती, आणि एक मावशी फरशी पुसत होत्या. मी शेजारी बसलो. दुसरा घेतला असणार हिने, मी मनात म्हटलं. गोरा हवाय हिला.

"काय सांगितलंत?" तिने विचारलं.

"पहिला. तू?"

"तिसरा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिने देखणा निवडला असता तर मी गप्प बसलो असतो, त्याची तयारी करून आलो होतो. याची नव्हती.

"कीव आली का माझी?"

"हळू बोला."

"नऊ वर्षं हळूच बोलतोय. शेजारपाजारचे विचारतील, यांचा पोरगा एवढा उंच कसा, म्हणून ना? माझी अब्रू झाकायला निघालीस?"

"तसं काही नाही."

"मग कसं? तुला माहितीय, बुटक्या पोराला शाळेत काय म्हणतात? मला बूच म्हणायचे. बाटली कुठे हरवली, विचारायचे. खेळताना कुणी आपल्या बाजूला घ्यायचं नाही. कारखान्यात आलेला नवा माणूस अजून मला विचारतो, मोठं कुणी आहे का इथे. आपल्या हातात आहे ना आज? मग जाणूनबुजून हे सगळं त्या पोराच्या कपाळी मारायचं?"

मी कुजबुजतोय असं मला वाटत होतं, पण फरशी पुसणाऱ्या मावशी थांबून बघायला लागल्या होत्या. समोरच्या जोडप्यातल्या बाईने मान खाली घातली. बायकोचा चेहरा पांढरा पडला. तिने पर्स उचलली आणि उभी राहिली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "राहू दे मग. मूलच नको."

"कुठे निघालीस?"

ती जिन्यापर्यंत गेली. मला उठता येईना. ती खाली उतरली असती तर सगळं संपलं होतं, या महिन्याचं आणि कदाचित पुढचंही, आणि ते मी माझ्या तोंडाने संपवलं होतं. जिन्याच्या कठड्याला धरून ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग परत आली आणि बसली, पण माझ्यापासून थोडं लांब.

"एकदाच सांगते," ती म्हणाली. "मग काय ते ठरवा. माझे वडील कसे दिसायचे, फोटोत बघितलंय तुम्ही."

बघितलं होतं. फ्रेममध्ये मावणार नाही असा माणूस. मी तसा पुतळा केला तर दुकानदार रांग लावतील.

"रस्त्याने निघाले की बायका वळून बघायच्या. आणि ते दर वेळी थांबायचे. आईचं अर्धं आयुष्य खिडकीत गेलं. मी शाळेत असतानाच ते एकीबरोबर निघून गेले. मामांनी तुमची ओळख करून दिली ना, त्या दिवशी मी तुम्हाला नीट बघून घेतलं होतं. वाटलं, या माणसाला कुणी पळवून नेणार नाही. म्हणून हो म्हटलं."

माझी कानशिलं तापली. ही शंका मला कधीच आली नव्हती असं नाही. पण आपल्या मनात येणं वेगळं आणि बायकोच्या तोंडून ऐकणं वेगळं.

"म्हणजे मी दिसायला वाईट होतो म्हणून."

"हो," ती म्हणाली. तिने ते जराही सौम्य करून सांगितलं नाही.

"आणि आज परत तेच. आजही भ्यायलीसच."

"आज कुणाला भ्यायचं?" ती एकदम माझ्याकडे वळली. "हा दाता आपल्या घरी येणार आहे का? त्याला दहाजणी पळवून नेऊ देत, माझं काय जातंय? जन्मात पहिल्यांदा मला न भिता निवडायला मिळालं. देखणाच हवा असता तर घेतला असता की, त्या बाई काय माझा हात धरणार होत्या? तिन्ही ऐकले. पहिला चांगला आहे, मला काय कळत नाही? पण पोराच्या तोंडाकडे बघताना मला तुम्ही दिसायला हवेत." तिचा आवाज फाटला. "हे कीव म्हणून नाही. कळतंय का तुम्हाला?"

मला कळत होतं. मी खाली फरशीकडे बघत राहिलो. मला रडू येईल याची भीती वाटली, आणि ते आलंच.

"त्याला शाळेत चिडवतील," मी कसाबसा म्हणालो.

"चिडवतील. मग तुम्ही सांगा त्याला काय करायचं ते."

"मला कुठे कळलंय? मी अजून चिडतो."

"दिसलं आत्ता, अख्ख्या दवाखान्याला," ती म्हणाली. "मग दोघं मिळून चिडा."

दार उघडलं. बाईंनी डोकं बाहेर काढून विचारलं, "मिटलं का? पुढचे थांबलेत."

पर्स मांडीवर धरून बायको माझ्याकडे बघत बसली. मी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि उभा राहिलो, जेवढा आहे तेवढा.

"तिसरा," मी म्हणालो.