सोजरबाईंच्या टाचेतला माझा मुक्काम

मित्रांनो, मी एक जुना जंतू आहे. रिसोडजवळच्या एका वावरात, शेणामातीत, कडक कवच पांघरून मी वर्षानुवर्षे पडून होतो. उन्हाने मी मरत नाही, थंडीने कुडकुडत नाही. फक्त तुमची हवा मला सोसत नाही. जिथे हवा पोचत नाही तिथेच मी जागा होतो आणि विष तयार करतो. त्या विषाने होतो तो धनुर्वात. कौतुक मला कधी मिळाले नाही. अपेक्षाही नव्हती.

यंदा सोयाबीन निघाले आणि रानात धसकटे उरली. वांगी तोडायला निघालेल्या सोजरबाईंच्या चपलेतून एक धसकट थेट टाचेत शिरले. त्याच्या टोकावर मी बसलो होतो. तिकीट नाही, खिडकी नाही. अगदी मला हवा तसा प्रवास.

त्यांचे यजमान उत्तमराव धावत आले. रक्त थांबवायची त्यांच्या घरची रीत ठरलेली. त्यांनी धसकट उपटले, मी आतच राहिलो, आणि मग ओल्या मातीचा गोळा जखमेत घट्ट दाबला. माझे हजारभर नातेवाईक आत आले आणि वरून दारही बंद झाले.

"आत्याबाई, दवाखान्यात चला, सुई घेऊ," सून रुचिका म्हणाली.

"कायले? वांगे काय तू तोडशीन?" सोजरबाई खेकसल्या.

"आपल्याच वावरची माती हाय, सूनबाई," उत्तमराव म्हणाले. "माया बापानं बी हेच लावलं होतं."

"मंग ते कायनं गेले, मामाजी?"

"त्यायले वारं लागलं. दातखिळीच बसली."

"माती लावल्यावर किती दिवसानं?"

"धा-बारा..." उत्तमराव थांबले.

मित्रांनो, वारा निर्दोष होता. त्याचे आणि आमचे मुळात पटतच नाही. तरी चाळीस वर्षे माझ्या भाऊबंदांचे पाप त्याच्या नावावर होते, आणि आम्ही गप्प बसलो होतो.

उत्तमरावांनी आपल्या मातकट बोटांकडे पाहिले.

"गाडी काढतो," ते म्हणाले.

"आन वांगे?"

"सडू दे वांगे!"

दवाखान्यात सिस्टरने माती उकरली, जखम उघडून धुतली, धनुर्वाताची सुई टोचली. मी कापसाबरोबर बादलीत पडलो. "वेळेवर आणलं, बाबा," ती म्हणाली. तेव्हा उत्तमराव बाकावर बसून रडले. बायकोसाठी की बापासाठी, ते मला कळले नाही. जंतूला तेवढे कळत नाही.

मित्रांनो, जखमेत माती भरू नका. साबणाने, वाहत्या पाण्याने धुवा आणि सुई चुकवू नका. यात तोटा माझाच आहे, तरी सांगतो आहे. आता तरी ऐका.