आखाजीचा वाफा

नरडाण्याच्या आमच्या घरी परसात एक वाफा होता आणि त्या वाफ्यावर माझा रागच होता. झुंबरबाई, माझ्या सासूबाई, गेल्या आणि त्यानंतर तीन वर्षं त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. हरळी माजली, लव्हाळा माजला, कोंबड्या त्यात धुळीच्या आंघोळी करायच्या. तरी भर दुपारी, उन्हाच्या झळा हलायला लागल्या की त्या कोपऱ्याकडे पाहताना माझे डोळे जड व्हायचे. तिथं कोणीतरी निजलंय, आपण हळू बोलावं, असं वाटायचं. हे मी कोणाला सांगितलं नाही. माझ्या बोलण्याचा घरात आधीच धसका होता.

माझी नणंद वच्छला नशिराबादला दिलेली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आई गेल्यापासून वच्छला आली नव्हती. पहिल्याच वर्षी तिचा निरोप आला होता, "माय नही, आते कोनाकडे येऊ?" मला तो झोंबला. मी काय घरातलं लाकडी कपाट होते? आबांना, माझ्या सासऱ्यांना, मात्र तो आत कुठंतरी लागला. मी आखाजीला माझ्या माहेरी शिंदखेड्याला जायची, म्हणून पुढचं मला आमचे हे, पितांबर, सांगायचे. आबा म्हणे दिवसभर ओट्यावर बसतात, जळगावकडून येणारी गाडी निघून गेली की उठतात आणि जेवत नाहीत.

त्या वर्षी फाल्गुनात आबांनी वाफा मनावर घेतला. धुळ्याहून मुळांना ओलं गोणपाट गुंडाळून रोपं आणली. मोगरा, कुंदा, अबोली, जास्वंद. दरसाल पेरायची कटकट नको, माणूस गेलं तरी झाड फुलत राहिलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. फुललेला वाफा पाहायला तरी लेक येईल, ही खरी आशा. मला ती पटत नव्हती, पण पाणी मीच घालत होते.

आबांनी जन्मभर कापूस पिकवला. वाफाही त्यांनी वावरासारखाच गुडघाभर खोल खणला आणि हरळीची एकूण एक मुळी वेचली. धुण्याच्या दगडाजवळ त्यांना आल्यासारख्या गाठी लागल्या. वर पान नाही, कोंब नाही. "हाऊ ते लव्हाळाना बाप शे," म्हणाले आणि घमेलंभर गाठी काढून, रेल्वेच्या भरावापलीकडं टाकून ये, असं पितांबरांना सांगितलं. आमचे हे भरावापर्यंत जाणारे नव्हेत. त्यांनी परसाच्या भिंतीवरून घमेलं पालथं केलं आणि पान खायला गेले.

आखाजी जवळ आली तसे आबा स्वतःच मुऱ्हाळी होऊन लेकीला आणायला नशिराबादला गेले. बापच दारात उभा राहिल्यावर ती नाही कशी म्हणणार? मी त्या वर्षी माहेरी गेले नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण नणंद यावी आणि वहिनीच घरात नसावी, हे मला नको होतं.

वच्छला आली. वाफा पाहून, छान झालाय, असं पाहुण्यासारखं बोलली. दुसऱ्या दिवशी आखाजी, सकाळी आईच्या नावानं पितरांची घागर भरायची होती. ती अनवाणी, पाऊल न वाजवता धुण्याच्या दगडाकडं गेली आणि तिथली कुंद्याची रोपं बघत उभी राहिली.

"आबा, मायना भुईचाफा कोठे शे?"

मग तिनंच सांगितलं. आखाजीच्या सुमारास तो नुसत्या मातीतून फुलतो, पानं मागून येतात आणि थंडीत सगळं जमिनीत गडप होतं. तो झोपलाय, हळू चाल, असं आई तिला लहानपणी सांगायची. आणि हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आखाजीला मी माझ्या माहेरी, आबा आधी उजाडायच्या आत वावरात आणि नंतर ओट्यावर, आणि पितांबरांना समोरचा बैल दिसत नाही, तिथं फूल काय दिसणार?

"मीच काढी फेका," आबा म्हणाले आणि दगडावर बसले. कोणी त्यांच्या दोन्ही हातांची बोटं तोडून नेल्यासारखे हातांकडं बघत बसले. मला त्यांच्यासाठी रडू आलं. वच्छला आत जाऊन पिशवी भरू लागली. दुपारच्या गाडीनं निघते, एवढंच मला म्हणाली.

मी थेट यांना गाठलं. ते घमेलं नेमकं कुठं ओतलं? यांनी मान खाली घालून भिंतीकडं बोट दाखवलं. मी वच्छलाचा हात धरून तिला भिंतीमागं ओढतच नेलं.

तिथं माझ्या मोरीचं पाणी जिरतं. राख, चिंध्या, कांद्याची सालं. आणि त्या सगळ्यातून, देठ नाही, पान नाही, पांढरी-जांभळी फुलं जमिनीवर उमललेली. ऊन अजून कोवळं होतं. मंद वास होता, असून नसल्यासारखा. मी पापणी हलवली तर ती पुन्हा मातीत जातील, असं मला वाटलं. माझ्या झोपाळू दुपारी वाफ्याच्या त्या कोपऱ्यात कोण निजलं होतं, ते मला तेव्हा कळलं. वच्छला तशीच चिखलात बसली.

आबा कुदळ घेऊन आले. आत्ताच काढतो आणि जागेवर लावतो, म्हणाले. तिनं त्यांचं मनगट धरलं.

"आते नका काढू, आबा. त्याले फुलू द्या, मंग झोपू द्या. मी दिवाळीले येसू, तवय लावसूत."

तिनं एकच फूल खुडलं आणि आईच्या घागरीवर ठेवलं. पिशवी कोणी रिकामी केली ते मला ठाऊक नाही. आबांनी मला, मोरीत पाणी सढळ हातानं सांडत जा, असं बजावलं. आजवर मी पाणी फार सांडते म्हणून तेच ओरडायचे.

दुपारी वच्छला निंबाच्या झोक्यावर डुलता डुलता झोपून गेली. गाडी आली, शिट्टी वाजली, निघूनही गेली. आबा ओट्यावर जेवत होते. त्यांनी स्टेशनाकडं मान वळवली नाही.